सरकारी कर्मचाऱ्यांच्या ग्रुप इन्शुरन्समध्ये एवढा रिझर्व्ह फंड पडून का असतो, परत का देत नाहीत?

शिल्लक दिसते म्हणून सगळा पैसा मोकळा नसतो हो. माणूस डिसेंबरात ॲडमिट होतो, क्लेम फेब्रुवारीत पोचतो, पण देणं जुन्याच वर्षाचं, म्हणून ॲक्च्युअरी (विम्याच्या देण्यांचा हिशेब मांडणारा तज्ज्ञ) अंदाज काढून तेवढी रक्कम बाजूला ठेवायला लावतो. दुसरा भाग वाईट वर्षासाठी, मोठी ऑपरेशनं एकदम आली तर लगेच हप्ता वाढवायला लागू नये. योजना सेल्फ-फंडेड, म्हणजे क्लेम स्वतःच्याच फंडातून भरणारी असेल तर हे फारच गरजेचं, कारण तोटा झेलायला मागे विमा कंपनी नसते. खरी भांडणं होतात ती याच्याही वर उरलेल्या पैशावरून, त्यात कर्मचाऱ्यांचा हप्ताही असतोच ना, आणि बजेटला खड्डा पडला की वरच्यांचा डोळा तिथेच जातो, त्यामुळे फंड वेगळ्या ट्रस्टमध्ये आहे का हे आधी विचारा.