एचटीए अभ्यासांचा डेटाबेस : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न : देशात झालेले आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाचे (औषध, लस किंवा उपचार खर्चाच्या मानाने किती फायद्याचा, हे तपासणारे), म्हणजे एचटीएचे, सगळे अभ्यास आम्हाला एका ठिकाणी ऑनलाइन आणायचे आहेत. सध्या एक्सेलमध्ये एका अहवालाला एक ओळ अशी यादी आहे. तीच वेबसाइटवर चढवली तर चालेल का?

चालेल, पण ती नुसती ग्रंथसूची होईल. धोरण ठरवणाऱ्याला किती अहवाल निघाले याच्याशी फारसे देणेघेणे नसते. हे औषध त्या औषधाशी कुणी ताडून पाहिले आहे का, कोणत्या रुग्णांमध्ये, आणि काय निघाले, हे त्याला हवे असते. म्हणून नोंदीचे मूळ एकक अहवाल नसून तुलना आहे.

एकाच अभ्यासातून सविस्तर अहवाल, शोधनिबंध आणि दोन पानी धोरण-टिपण असे तीन दस्तऐवज निघू शकतात. शिवाय त्यात एका लशीची तीन पर्यायांशी तुलना असू शकते. एका ओळीच्या यादीत मग एकच अभ्यास तीनदा मोजला जातो, नाहीतर तीन निष्कर्षांपैकी एकच उरतो. त्यापेक्षा चार वेगळे तक्ते करा : अभ्यास, दस्तऐवज, तुलना, शिफारस. हे तक्ते अभ्यास क्रमांकाने जोडा. या क्रमांकात वर्ष किंवा आजाराचे नाव घालू नका. ती माहिती पुढे दुरुस्त झाली की क्रमांक खोटा ठरतो. आणि नोंद रद्द झाली तरी तिचा क्रमांक दुसऱ्या नोंदीला देऊ नका.

कोणता अभ्यास घ्यायचा, हेही आधीच लिहून ठेवा. पूर्ण आर्थिक मूल्यमापनात किमान दोन पर्याय असतात आणि दोन्हींचा खर्च व परिणाम, दोन्ही मोजलेले असतात. आजाराचा नुसता खर्च मांडणारा अभ्यास त्यात बसत नाही. अर्थसंकल्पावरील भाराचा अभ्यास घ्यायचा असेल, तर त्याला स्वतंत्र प्रकार द्या.

प्रश्न : आयसर हा रकाना चढत्या क्रमाने लावला की यादीत सर्वात वर विचित्र नोंदी येतात. चूक कुठे आहे?

चूक आयसर एकटा साठवण्यात आहे. आयसर म्हणजे खर्चातला फरक भागिले परिणामातला फरक. समजा, नवा उपचार जुन्यापेक्षा १०,०००ने स्वस्त आहे आणि ०.२ क्वाली (चांगल्या आरोग्यातले एक वर्ष म्हणजे एक क्वाली) जास्त देतो. आयसर येतो उणे ५०,०००. आता दुसरा उपचार घ्या : १०,०००ने महाग आणि ०.२ क्वाली कमी देणारा. त्याचाही आयसर उणे ५०,०००च! पहिला डोळे मिटून घ्यावा असा, दुसरा सरळ नाकारावा असा, आणि यादीत दोघे शेजारी. अधिक चिन्हाच्या आयसरचेही तसेच : खर्च आणि परिणाम दोन्ही वाढले तरी चिन्ह अधिकच येते, दोन्ही घटले तरीही.

म्हणून खर्चातला फरक आणि परिणामातला फरक दोन वेगळ्या रकान्यांत, चिन्हासह ठेवा. त्यावरून ‘सरस’, ‘निकृष्ट’, ‘महाग पण परिणामकारक’, ‘स्वस्त पण कमी परिणामकारक’ यांपैकी शेरा प्रणालीलाच काढू द्या. आयसर आकडा म्हणून फक्त शेवटच्या दोन प्रकारांत दाखवा. अभ्यासात फरक न देता फक्त उणे आयसर छापला असेल, तर शेरा अंदाजाने भरू नका. लेखकांना विचारा.

खर्चाच्या प्रत्येक आकड्याशेजारी चलन आणि किंमत-वर्ष हवेच. किंमत-वर्ष म्हणजे ज्या वर्षाच्या किमती धरल्या ते वर्ष, प्रकाशनाचे वर्ष नव्हे. दोन्हींत काही वर्षांचे अंतर सहज पडते. वेगवेगळ्या वर्षांचे आकडे एका पातळीवर आणायचे असतील, तर मूळ आकड्याला हात न लावता शेजारच्या रकान्यात आणा. आधी त्याच चलनात महागाई लावा, मग विनिमय दर.

‘किफायतशीर’ हा निष्कर्षही एकटा ठेवू नका. एका क्वालीमागे किती खर्च परवडतो याची कोणती मर्यादा लेखकांनी धरली तेही नोंदवा. पुष्कळ अभ्यासांत दरडोई सकल उत्पादनाची एक ते तीन पट धरलेली असते, आणि पट बदलली की निष्कर्षही उलटू शकतो.

प्रश्न : दोघांनी एकाच अहवालातून माहिती काढली, तर नोंदी जुळत नाहीत.

बहुतेक वेळा दोष माणसांचा नसतो, नियमावलीचा असतो. ‘दृष्टिकोन’ (कुणाकुणाचा खर्च मोजला) या रकान्यात एकजण लेखकांनी लिहिलेले ‘सामाजिक’ उतरवतो. दुसरा पाहतो की खर्चात रुग्णाचा प्रवास नाही, बुडालेली मजुरीही नाही, आणि ‘आरोग्य यंत्रणा’ असे लिहितो. दोघेही आपापल्या परीने बरोबर आहेत, त्यामुळे रकाने दोन करा : लेखकांनी सांगितलेला आणि प्रत्यक्ष आढळलेला.

रकाने ठरवायला २०२२ची चिअर्स यादी, म्हणजे आर्थिक मूल्यमापनाच्या अहवालात काय काय असावे याची यादी, घ्या. तिच्यात २८ मुद्दे आहेत. पहिले वीसेक अहवाल दोघांनी स्वतंत्रपणे भरा, फरकांवर चर्चा करून नियम लिहा, मगच कामाची वाटणी करा. ‘नमूद नाही’, ‘लागू नाही’ आणि ‘अजून तपासले नाही’ या तिन्हींसाठी रिकामी चौकट वापरली, तर पुढे कुणालाच काही कळत नाही.

एक्सेलबद्दल सावध राहा. ‘१०-१२’ असा वयोगट इंग्रजी अंकांत भरला की त्याची तारीख होते. किमान वय आणि कमाल वय वेगळे ठेवा.

प्रश्न : शोध नीट लागत नाही. ‘मधुमेह’ टाकले की निम्मेच अभ्यास येतात.

मोकळ्या शब्दांवर विसंबू नका. आजाराला आयसीडी (आजारांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण) संकेतांक, औषधाला एटीसी (औषधांचे वर्गीकरण) संकेतांक, विषयाला मेश (वैद्यकीय विषयांची ठरलेली शब्दसूची) संज्ञा द्या आणि समानार्थी शब्द एका तक्त्यात त्यांना जोडा.

प्रश्न : अहवालांच्या पीडीएफ आम्ही ठेवाव्यात का?

परवाना स्पष्ट असेल तरच. नाहीतर नोंद तुमची आणि दुवा प्रकाशकाचा. डीओआय, म्हणजे दस्तऐवजाचा कायमचा ओळख-क्रमांक, असेल तर तोच द्या, संकेतस्थळाचे पत्ते बदलत राहतात. सारांशही स्वतःच्या शब्दांत लिहा.

प्रश्न : प्रकल्पाचा निधी दोन वर्षांचा आहे. पुढे काय?

हा विचार पहिल्याच महिन्यात करायला हवा. यॉर्क विद्यापीठातल्या सीआरडी केंद्राचा एनएचएस ईईडी हा आर्थिक मूल्यमापनांचा डेटाबेस जगभर वापरला जायचा. निधी थांबला आणि मार्च २०१५नंतर त्यात नव्या नोंदी होणे बंद झाले. तिथल्याच एचटीए डेटाबेसमध्ये मार्च २०१८पर्यंत भर पडत राहिली, आणि २०२०मध्ये इनाहटा या एचटीए संस्थांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याने तो नव्या रूपात सुरू केला. नोंदी दुसऱ्याच्या हाती देण्याजोग्या असल्या, तरच असे हस्तांतर होते.

म्हणून दर तीन महिन्यांनी सगळे तक्ते सीएसव्हीमध्ये (कोणत्याही प्रणालीत उघडणाऱ्या साध्या मजकूर-फाइलमध्ये), युनिकोडमध्ये बाहेर काढा. सोबत प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारी नियमावली जोडा आणि आवृत्ती क्रमांक व तारीख घालून हा संच एखाद्या सार्वजनिक भांडारात ठेवा. प्रत्येक नोंदीवर ‘शेवटची तपासणी’ची तारीखही दिसू द्या. एचटीए करणाऱ्या संस्थांशी असे ठरवून घ्या की अहवाल मंजूर होतानाच नोंदीचा नमुना त्यांनी भरून द्यायचा. जुने अहवाल शोधून भरण्यापेक्षा हे काम पुष्कळ हलके असते, आणि लेखक जवळ असल्याने किंमत-वर्षासारख्या राहून गेलेल्या गोष्टीही तेव्हाच मिळतात.