सातेरी या देशी मधमाशीच्या पेट्या गावात ठेवून तीन किलोमीटरवरच्या कारवीच्या झुडपांचा मध मिळेल का? आणि कारवीचा मध चौकटी फिरवून मध काढायच्या यंत्रातून निघत का नाही?

नाही मिळणार. पेट्या उचला आणि कारवीत नेऊन ठेवा.

माशी तीन किलोमीटर जाते हे तुम्हाला ज्याने सांगितलं, त्याने मेलिफेराबद्दल, म्हणजे परदेशी पाळीव मधमाशीबद्दल, वाचलं असणार. सातेरी अर्ध्या-एक किलोमीटरच्या आतबाहेर काम करते. आमच्या घरात यावरून वर्षानुवर्षं वाद झालाय. थोरले काका म्हणायचे, देवाने माशीला पंख दिलेत, तुम्ही डोक्यावर पेट्या कशाला वाहता? त्यांच्या पेट्या कायम अंगणात, परड्यात.

गेल्या खेपेला वरच्या उतारावर कारवी फुलली तेव्हा मी आणि धाकट्या भावाने निम्म्या पेट्या अंधार पडल्यावर दारं बंद करून, सुंभाने आवळून वर नेल्या. काका म्हणाले, उद्या उजाडलं की सगळ्या माश्या अंगणात परत येतील, बघाच. हे म्हणणं चुकीचं नव्हतं. वाडीतल्या वाडीत पेटी शे-दोनशे पावलं हलवली तर दुसऱ्या दिवशी जुन्या जागी माश्यांचा घोळका घिरट्या घालतो, कारण तो सगळा मुलूख त्यांच्या ओळखीचा असतो. काका सकाळी पेट्यांखालच्या रिकाम्या घोड्यांजवळ, म्हणजे स्टँडांजवळ, उभे राहिले. एकही माशी आली नाही. म्हणजे आमच्या अंगणातली एकही माशी त्या उतारावर कधी गेलीच नव्हती! यापेक्षा आणखी कुठला पुरावा हवा? तरी काका म्हणाले, वाऱ्याने चुकल्या असतील. पुढे वरच्या पेट्यांच्या मधाच्या कोठ्या भरल्या, अंगणातल्या हलक्याच राहिल्या, तरीही त्यांनी कबूल केलं नाही.

मेलिफेरासुद्धा लांब जाते ती नाइलाजाने. इंग्लंडात शेफिल्डच्या माश्यांचा नाच (पोळ्यावर नाचून माशी फुलांची दिशा आणि अंतर सांगते) वाचून केलेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. हेदर नावाच्या झुडपाच्या फुलांसाठी निम्म्या माश्या ६ किलोमीटरपलीकडे जात होत्या. जाऊ शकते आणि जाऊन कोठी भरते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. येण्याजाण्यात माशी स्वतःच मध खाते.

आता यंत्राचं. गंमत म्हणजे त्याच हेदरचा मध आणि आपल्या कारवीचा मध एकाच स्वभावाचे. स्थिर असला की जेलीसारखा घट्ट, ढवळला की पातळ, ठेवला की पुन्हा घट्ट. त्यामुळे चौकटी कितीही गरगर फिरवा, पोळ्याच्या घरांतून तो सुटत नाही. तिकडचे मधपाळ बोथट सुयांचा रोलर पोळ्यावर फिरवतात, घराघरातला मध हलला की लगेच यंत्रात घालतात, नाहीतर सरळ पोळं दाबून मध काढतात. आम्ही पोळं कापून फडक्यातून दाबतो. पोळं जातं, माश्यांना पुन्हा मेण करावं लागतं, पण मधाचा वास टिकतो. काकांनी मात्र आम्ही आणलेला मध "पातळ करतो" म्हणून चुलीवर ठेवला. सात-आठ वर्षांनी एकदा येणारा मध, आणि त्याची काकवी झाली. मोहरीचा दाणेदार मध कोमट पाण्यात ठेवून सैल होतो, म्हणून कारवीलाही तेच करायचं असं नसतं. याला आच नको, ढवळणं पाहिजे.

आणि घट्ट मध बघून कुणी व्यापारी "पाक घातलाय" म्हणाला तर ऐकून घेऊ नका. आम्हाला एकाने तोंडावर सांगितलं होतं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मानकात सुक्रोजची, म्हणजे उसाच्या साखरेची, मर्यादा साधारण मधाला ५ टक्के आहे, कारवीच्या मधाला वेगळी, १० टक्के. सरकारी कागदावर ज्या मधाचा स्वभाव मान्य झालाय, त्यासाठी आपण मान खाली का घालायची?

एक राहिलं. कारवी पावसाळा सरता सरता फुलते, मधात पाणी जास्त असतं, तेव्हा घरांवर मेणाची झाकणं आल्याशिवाय काढू नका. वर पेट्यांच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, मुंग्या फार. तुमच्याकडे मेलिफेरा असेल तर अंतराचा हिशेब बदलेल, पण सातेरी म्हणालात म्हणून सांगतो: घरातलं कुणी "पंख आहेत की" म्हणालं तर वाद घालत बसू नका, रात्री पेटी उचला.