गाणाऱ्या पक्ष्यांचे शुक्राणू जातीजातीत इतके वेगळे का असतात?

तुम्ही विचारलंय: "चिमणी, बुलबुल अशा गाणाऱ्या पक्ष्यांचे शुक्राणू स्क्रूसारखे असतात आणि प्रत्येक जातीत वेगळे असतात असं वाचलं. काम तर एकच, मग एवढी विविधता कशाला? लांब शुक्राणू म्हणजे जास्त वेगवान, हे खरं का? आणि हे घरी बघता येईल का?"

आधी एक घोळ निस्तरतो. 'गाणारे पक्षी' हे वर्गीकरणातलं नाव आहे, गळ्याचं प्रशस्तिपत्र नव्हे. चैत्रात पहाटेपासून डोकं उठवणारा कोकीळ त्यात बसत नाही. ज्याच्या घरट्यात त्याची पोरं वाढतात तो कावळा मात्र बसतो. चिमणी, बुलबुल, दयाळ, शिंपी, शिंजीर, सुगरण हे सगळे याच गोतावळ्यातले.

मी प्राणिशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त होऊन गुहागर तालुक्यातल्या गावी असतो. घर कौलारू, पडवीत वाशाच्या बेचक्यात चिमण्यांचं घरटं दरवर्षी ठरलेलं. नराची बसायची जागाही ठरलेली, त्यामुळे खाली जुना पेपर अंथरावाच लागतो. विणीच्या दिवसांत नराच्या विष्ठेतून थोडे शुक्राणू बाहेर पडतात. एका सकाळी ताजी विष्ठा मीठपाण्यात कालवली आणि जुना सूक्ष्मदर्शक काढला. पहिल्या दोन काचपट्ट्यांवर पांढरे खडे आणि किड्यांच्या तंगड्या, बाकी काही नाही. तिसऱ्या पट्टीवर, 400 पट मोठं केल्यावर, कोपऱ्यात केसासारखा एक तंतू सापडला. फोकसचं चाक किंचित मागेपुढे केलं की त्याच्या एका टोकाला वळसे दिसत. अगदी स्क्रूचे आटे. बायको मागून डोकावली आणि म्हणाली, "अहो, निवृत्त झालात ते चिमण्यांची शीट बघायला का?"

तो तंतू मेलेला होता, हलत नव्हता. जिवंत शुक्राणू मी पूर्वी कोंबड्याचे पाहिलेत. ते गुळगुळीत, किंचित बाक असलेले, गांडुळासारखे वळवळत जातात. गाणाऱ्या पक्ष्यांचं तंत्र निराळं. त्यांच्या शुक्राणूचं डोकंच पिळदार असतं आणि तो स्वतःभोवती गरगर फिरत पुढे सरकतो, सुताराचं गिरमिट लाकडात शिरावं तसा. ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका एकजीव होऊन त्यांची एकच लांब दोरी बनते आणि ती शेपटीभोवती वेढे घेत जाते. भोवऱ्याला जाळी गुंडाळतो ना, तसंच.

घडण ही अशी, पण मापं बघितली तर चक्रावायला होतं. काही जातींत शुक्राणू जेमतेम 40-50 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे माणसाच्या शुक्राणूएवढा किंवा त्याहून आखूड. चिमणीचा साधारण 100. युरोपातल्या चॅफिंचचा पाव मिलिमीटरच्या घरात. काही ग्रॅम वजनाचे पक्षी, त्यात एवढी तफावत.

आता 'कशाला' याकडे येतो. कोकणात कोंबड्या पाळणाऱ्या कोणालाही विचारा: घरातला एकुलता कोंबडा वडे-सागुतीच्या कामी आला, तरी कोंबडी पुढचे आठ-दहा दिवस पिल्लं निघतील अशी अंडी घालत राहते. कारण तिच्या अंडनलिकेत एका बाजूने बंद अशा बारीक नळ्या असतात, हजारोंनी. त्यांत शुक्राणू जिवंत साठवले जातात आणि रोजच्या अंड्यासाठी थोडे थोडे सुटत राहतात. चिमण्यांत आणि इतर गाणाऱ्या पक्ष्यांतही हीच सोय आहे. नर-मादीची भेट कौलावर एखाद-दुसऱ्या सेकंदाची. खरा प्रवास त्यानंतर सुरू होतो, आणि वाट सोपी नाही. कोंबडीत तर शंभरातले एक-दोनच शुक्राणू त्या नळ्यांपर्यंत पोचतात, बाकीचे बाहेर टाकले जातात.

आणि त्या नळ्यांत एकाच नराचे शुक्राणू असतील असं नाही. जोडीनं पिल्लं वाढवणारे पक्षी म्हणजे एकनिष्ठ, असं आपण लग्नपत्रिकेवर सारस छापण्याइतकं धरून चाललो होतो. 1980 च्या दशकात डीएनएचे ठसे तपासता येऊ लागले आणि बिंग फुटलं. युरोपात तपासलेल्या चिमण्यांच्या बऱ्याच वस्त्यांत शंभरातली दहा-वीस पिल्लं शेजारच्या बापाची निघाली. ऑस्ट्रेलियातल्या सुपर्ब फेअरीरेन या निळ्या चिमुकल्या पक्ष्यात तर बहुसंख्य पिल्लं बाहेरच्या नरांची असतात. म्हणजे दोन नरांची स्पर्धा फांदीवरच्या गाण्यात संपत नाही, मादीच्या पोटात चालू राहते. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जेफ्री पार्कर यांनी कीटकांच्या संदर्भात ही कल्पना 1970 साली मांडली होती, शेफील्ड विद्यापीठाच्या टिम बर्कहेड यांच्यासारख्यांनी पक्ष्यांत ती तपासून पाहिली.

आपल्याकडचं एक उदाहरण इथे आठवतंच. सालिम अली यांनी 1930 च्या पावसाळ्यात अलिबागजवळ किहीमला सुगरणींच्या वसाहतीचं निरीक्षण केलं. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तर ताबा घेते, आणि नर लगेच दुसरं विणायला घेतो. मादीची ही निवड त्यांनी बाहेर बसून पाहिली. त्या नळ्यांच्या तोंडाशी होणारी निवड बाहेर बसून दिसत नाही, इतकाच फरक.

मादीच्या नळ्या लांब असलेल्या जातींत शुक्राणूही लांब असतात असं अनेक जातींच्या तुलनेत आढळलंय. कुलपाप्रमाणे किल्ली म्हणा. पण मला स्वतःला सगळ्यात आवडलेली गोष्ट लांबीची नाही, सारखेपणाची आहे. ज्या जातींत मादी बऱ्याच नरांशी संग करते, तिथे या नराचे आणि त्या नराचे शुक्राणू मापाला जवळजवळ सारखे असतात. चढाओढ कडक, मापाबाहेरचं काही टिकत नाही. जिथे जोड्या खरोखर एकनिष्ठ, तिथे नरानराच्या मापांत ऐसपैस फरक. त्यामुळे काही संशोधक एखाद्या जातीतल्या नरांचे शुक्राणू मोजून, पिल्लांचा डीएनए न तपासता, त्या जातीत बाहेरख्याली किती असेल याचा अंदाज बांधतात!

याचं टोक म्हणजे युरोपातला बुलफिंच. 2006 साली त्याच्या शुक्राणूंचं वर्णन प्रसिद्ध झालं: डोकं गोलसर, पीळ नाही, मधला भाग अगदी आखूड, आणि एकाच नराच्या शुक्राणूंतही एकाचा आकार दुसऱ्याला लागत नाही. त्याची वृषणंही शरीराच्या मानानं बारकी. स्पर्धा जवळपास नसावी, म्हणून घडणीवरचा पहारा सैल पडला, असा त्याचा अर्थ लावतात. मला तो पटतो.

वेगाचं मात्र सरळ उत्तर नाही. "लांब म्हणजे वेगवान" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. काही कुळांत तसं दिसलंय, काहींत लांबी आणि वेग यांचा मेळ बसला नाही. पिंजऱ्यात पाळतात त्या झेब्रा फिंचमध्ये लांब शुक्राणूंच्या नरांनी आखूडवाल्यांवर मात केली. मग सगळेच नर लांब शुक्राणूंचे का झाले नाहीत? नराकडे लिंग ठरवणारी झेड गुणसूत्रं दोन असतात. त्यावरचा एक भलामोठा तुकडा कुठे सुलटा, कुठे उलटा बसलेला असतो. 2017 साली उलगडलं ते असं, की एक सुलटं आणि एक उलटं मिळालेल्या नराचे शुक्राणू सगळ्यात चपळ. पण असा नर पिल्लाला दोनातलं एकच देणार. आंबेवाल्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही: रत्ना हा नीलम आणि हापूसचा संकर, पण रत्नाची बाठ रुजवली तर रत्नाच मिळेल असं कोणी सांगत नाही. तिथे कलम बांधता येतं, फिंचला ती सोय नाही. म्हणून दर पिढीत पुन्हा सरमिसळ.

घरी बघायचं असेल तर पक्षी पकडू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा ठरू शकतो, आणि गरजही नाही. विणीच्या दिवसांत नराच्या, म्हणजे गळ्याखाली काळा डाग असलेल्या चिमण्याच्या, बसायच्या जागेखाली कागद ठेवा. ओली विष्ठा हातमोजे घालून उचला. लिटरला नऊ ग्रॅम मीठ या हिशोबानं पाणी करा, त्यात ती कालवा आणि थेंबावर झाकणकाच ठेवा. दहा वेळा काही सापडणार नाही. 400 पटीला दृष्टिक्षेत्राच्या साधारण पाव रुंदीचा तंतू दिसला तर फोकसचं चाक हळू फिरवून आटे शोधा. वळसे दिसले नाहीत तर बहुधा तो बुरशीचा धागा असतो, मीही दोनदा फसलोय.