आधार कार्डावरचा माणूसच चोर कशावरून?

प्रश्न : माझं शिवाजी उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे. ऑनलाइन जाहिरात बघून जुना कॉम्प्रेसर ठरवला. विकणाऱ्यानं फौजेत असल्याचं सांगून आधार कार्ड आणि गणवेशातला फोटो पाठवला. यूपीआयवरून ३८ हजार भरले आणि फोन बंद. संतापून मी ते कार्ड, फोटो फेसबुकवर आणि गल्लीतल्या ग्रुपवर टाकून 'हा चोर आहे, दिसेल तिथं धरा' असं लिहिलं. आता कार्डावरच्या माणसाच्या वकिलाची नोटीस आलीय : ७ दिवसांत माफी आणि ५ लाख द्या, नाहीतर अब्रुनुकसानीचा खटला. पैसे माझे गेले आणि आरोपी मीच? ग्रुप अ‍ॅडमिनवरही केस होईल का?

उत्तर : तुमचा संताप रास्त आहे. पण असले भामटे सहसा स्वतःचं कार्ड पाठवत नाहीत. आधी फसवलेल्याचं कार्ड पुढच्याला दाखवतात. सौदा करताना तुम्हीही तुमचं कार्ड पाठवलं असेल, तर तेही आता कुणाला तरी 'विक्रेत्याचं ओळखपत्र' म्हणून दाखवलं जात असेल. नोटीस पाठवणारा तुमच्यासारखाच गंडलेला असण्याची शक्यता मोठी आहे.

म्हणून स्क्रीनशॉट ठेवून पोस्ट आजच काढा. त्याच ग्रुपवर लिहा की खात्री न करता टाकलं होतं, कुणी पुढं पाठवू नये. मजकूर आधी वकिलाला दाखवा. 'दिसेल तिथं धरा' या शब्दांची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून जमावानं ५ जणांना ठार मारलं, ते व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवांमुळंच.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीला २ वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवा अशी शिक्षा आहे. गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. पोलीस लगेच उचलून नेणार नाहीत, नोटीस पाठवणाऱ्यालाच कोर्टात तक्रार करावी लागेल. सद्भावनेचा बचाव आहे, पण पुरेशी काळजी न घेता केलेल्या कृतीला कायदा सद्भावना मानत नाही. हेच तुम्ही पोलिसांना सांगितलं असतं, तर सद्भावनेनं केलेली तक्रार अपवादात बसली असती. शिवाय कुणाचा आधार क्रमांक जाहीर करायला आधार कायद्याच्या कलम २९ नं मनाई आहे.

अ‍ॅडमिनची काळजी नको. सदस्याच्या पोस्टला केवळ अ‍ॅडमिन म्हणून कुणी जबाबदार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलंय. पोस्ट स्वतः पुढं ढकलणाऱ्यांना मात्र ही सूट नाही.

नोटिशीला मुदतीत वकिलामार्फत उत्तर द्या. त्या माणसाला फोन करू नका, घाईनं माफीनामा लिहून देऊ नका. ५ लाख मागितले म्हणजे देणं लागत नाही.

आता तुमचे पैसे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला नसेल तर हे वाचून होताच करा. भामट्यानं रक्कम काढून घेण्याआधी ती गोठली तर हाती लागण्याची शक्यता असते. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर यूटीआर नंबरसह (व्यवहाराचा संदर्भ क्रमांक) तक्रार आणि बँकेला लेखी अर्ज. न्याय संहितेचं ३१८(४) आणि आयटी कायद्याचं ६६ड ही कलमं लागू शकतात. पोलीस ठाण्यात तक्रार घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना पोस्टानं तक्रार पाठवा. पैसे गेले ते खातं कुणाचं, हा खरा धागा, आणि ती माहिती बँक पोलिसांनाच देईल. भामट्याचा मोबाइल नंबरही त्याच तक्रारीत द्या.

लोकांना सावध करायचंच असेल तर फसवणुकीची पद्धत सांगा : फौजी असल्याची बतावणी, कार्डाचा फोटो, आगाऊ पैशाची घाई. तेवढं सांगायला कुणाचं नाव, चेहरा, पत्ता लागत नाही.