पानं खाणारा कोळी आणि बरणीतला पाहुणा

प्रश्न : ताई, माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने कुंडीतल्या झाडावरचा एक उड्या मारणारा कोळी पकडून काचेच्या बरणीत ठेवलाय. झाडपाला खाणारा कोळी असतो असं तिने वाचलं होतं, म्हणून ती त्याला रोज कोवळी पानं घालते. तीन दिवस झाले, तो पानाला तोंडच लावत नाही. असा शाकाहारी कोळी खरंच असतो का?

उत्तर : असतो. मुलीने वाचलंय ते अगदी खरं आहे, फक्त तो कोळी हा नव्हे. तो राहतो मेक्सिकोत आणि मध्य अमेरिकेत, आणि त्याचं नाव बघीरा किपलिंगी. हो, मोगलीचा बघीराच. 1896 साली जॉर्ज आणि एलिझाबेथ पेकहॅम या दांपत्याने किपलिंगच्या काळ्या बिबळ्यावरून हे नाव ठेवलं. झेप घेणाऱ्या कोळ्याला ते शोभतंही. पण हा बिबळ्या झाडावर गुजराण करतो, हे पुढची शंभर वर्षं कुणाच्या गावीही नव्हतं. 2001 मध्ये कोस्टा रिकात एरिक ओल्सन यांनी आणि 2007 मध्ये मेक्सिकोत क्रिस्टोफर मीहान यांनी, एकमेकांना ठाऊक नसताना, त्याला खाताना पाहिलं. 2009 मध्ये दोघांनी मिळून ते प्रसिद्ध केलं.

मात्र तोही पानं खात नाही, आणि मुलीला नेमकं हेच सांगा. तो राहतो ते झाड बाभळीच्या जवळच्या नात्यातलं. त्याचे काटे बैलाच्या शिंगांसारखे फुगीर आणि पोकळ, त्यांत मुंग्यांचं बिऱ्हाड. देठाशी मधुरसाच्या ग्रंथी, आणि प्रत्येक इवल्या पर्णिकेच्या टोकाला एक पिवळसर-तांबूस दाणा, प्रथिनं आणि स्निग्धांश भरलेला. थॉमस बेल्ट या निसर्ग अभ्यासकाच्या नावावरून त्याला बेल्टियन बॉडी म्हणतात. हा मुंग्यांचा पगार. त्या बदल्यात मुंग्या पानं कुरतडणाऱ्या किड्यांवर तुटून पडतात. बघीरा हाच दाणा पळवतो. मेक्सिकोत त्याच्या आहारात नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा या दाण्यांचा निघाला, कोस्टा रिकात साधारण साठ टक्के. वर थोडा मधुरस, आणि कधीमधी मुंग्यांच्या अळ्याही. म्हणजे सोवळं असं काही नाही.

मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की शिकार सोडली तरी शिकाऱ्याची कसब त्याने सोडली नाही. मुंग्यांची गस्त अखंड चालू असते. हा घर बांधतो ते जुन्या पानांच्या टोकांशी, जिथे मुंग्या फारशा फिरकत नाहीत. त्यांना लांबून हेरतो, वाट बदलतो, अगदीच अंगावर आल्या तर उडी टाकून धाग्यावर लोंबकळतो. समोरचे दोन मोठे डोळे आता भक्ष्य हेरायला कमी आणि पहारेकरी चुकवायला जास्त लागतात.

तो धागा तुमच्या पाहुण्याकडेही आहे. मी भिंग घेऊन खिडकीशी तासन् तास या कोळ्यांसमोर बसले आहे. झेपेआधी तो पोटाचं टोक पानावर हलकेच टेकवतो, धागा चिकटवतो आणि मगच सुटतो. नेम चुकला तर त्याच धाग्याने वर येतो. आणि आपण बोट पुढे केलं, की अख्खा वळून आपल्याकडे बघतो. मुलीला हे जरूर दाखवा, पण बरणीत नको, कुंडीत.

कारण त्याला हवं आहे हलणारं, जिवंत भक्ष्य : चिलटं, लहान माश्या, तुडतुडे. पान चावून खाणारं तोंडच त्याला नाही. तो भक्ष्यात पाचकरस सोडतो आणि पातळ झालेलं शोषून घेतो. उपास तो काही दिवस काढेल, पाण्यावाचून मात्र लवकर खंगेल. तेव्हा आत्ताच बरणीच्या कडेला पाण्याचा एक थेंब सोडा. मोठा नको, टाचणीच्या डोक्याएवढा पुरे. तो प्यायला, की मुलीच्याच हाताने बरणी त्याच झाडाच्या बुंध्याशी आडवी ठेवा आणि झाकण काढा. हलवू नका, ठोकू नका. तो आधी काठावर येऊन थांबेल, इकडेतिकडे बघेल. तेवढा वेळ त्याला द्या.