फट किती, ते आधी सांग

"सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख दिली आहे. बेडसाइड कॉट घ्यायची हे ठरलंय, पण कोणती घ्यावी तेच कळत नाही. एकीला चाकं आहेत, एकीला खाली कप्पा आहे, आणि एक करड्या रंगाची तर इतकी गोड आहे! तुम्ही कोणती सुचवाल?"

इंग्लंडमधल्या रेडिंगहून आलेलं हे पत्र. पहिलं बाळंतपण, तेही इथे, घरमालकाच्या फर्निचरमध्ये. आई व्हिसा मिळून येणार कधी आणि बाळ येणार कधी, याचा मेळ बसवताना जीव टांगणीला लागतोच. पण अगं, दोन पानांत चाकं आली, कप्पा आला, करडा रंग दोनदा आला, आणि ज्या पलंगाला ही कॉट बांधायची त्या पलंगाची उंची एकदाही आली नाही. आमच्या धाकट्या सूनबाईंचंही अगदी हेच झालं होतं. कॉट देखणी होती, फक्त पलंगापासून चार बोटं लांब उभी राहायची.

बेडसाइड कॉट, म्हणजे आईच्या पलंगाला जोडायची बाळाची खाट, चांगली की वाईट, हे दुकानात ठरत नाही, तुझ्या पलंगाशेजारी ठरतं. म्हणून आज मी फटीवरच बोलणार. नेहमीचे वाचक म्हणतील, यांचं पुन्हा सुरू झालं. म्हणू देत.

कॉटची एक कड उतरवून ती आपल्या गादीला भिडवायची, एवढीच या वस्तूची कल्पना. ती भिडली नाही तर मधे जी जागा उरते, ती फट. नवजात बाळाला मान धड उचलता येत नाही. सरकत जाऊन त्याचं तोंड त्या फटीत रुतलं, तर ते सोडवून घ्यायची ताकद त्याच्यात नसते. नाक-तोंड दाबलं गेल्यावर रडण्याचा आवाजही येत नाही, त्यामुळे हातभर अंतरावर झोपलेल्या आईला पत्ता लागत नाही. "थोडीशी फट राहिली तर चालेल का?" असं तू शेवटी बारीक अक्षरात विचारलं आहेस. नाही चालणार.

आता मापं. पलंगावर रोज जे असतं ते सगळं तसंच राहू दे, चादर, टॉपर (गादीवरचा जादा मऊ थर), सगळं. जमिनीपासून गादीच्या वरच्या बाजूपर्यंत टेप लाव. पलंगाच्या मधोमध मोजू नकोस. कॉट येणार त्या कडेला मोज, एकदा उशाशी, एकदा पायथ्याशी. मग तू स्वतः त्या कडेला आडवी हो आणि नवऱ्याला मोजायला सांग. मेमरी फोमचा टॉपर असला तर दोन मापांत दोन-तीन सेंटीमीटरचा फरक सहज निघतो, आणि रात्री खरं माप तेच असतं. इथल्या डिव्हानवर, म्हणजे खोक्यासारख्या पलंगावर, जाड गादी आणि वर टॉपर घातला की उंची साठ सेंटीमीटरच्या पुढेही जाते. कॉटच्या पायांना पाच-सहा खाचा असतात, त्यातली सर्वांत वरची खाचही तिथवर पोचत नसेल तर तिचा रंग बघत बसू नकोस. माहितीपत्रकात किमान आणि कमाल उंची दिलेली असते. तुझी दोन्ही मापं त्या हद्दीत, तीही अगदी टोकाला नकोत, कारण गादी वर्षभरात बसते.

उतरवलेल्या कडेचा वरचा काठ आणि तुझी गादी एका पातळीत यायला हवी. गादी वर राहिली तर तुझं पांघरूण घसरून बाळावर जातं. काठ वर राहिला तर बाळाची मान त्याच्यावर अडकण्याची भीती. आणि कड उतरवली म्हणजे ती भुईसपाट झाली असंही नाही. बाळाच्या गादीच्या वर निदान 120 मिलिमीटरचा कठडा उरलाच पाहिजे. बीएस ईएन 1130:2019 या इथल्या सुरक्षा मानकात ते आहे. त्याआधीच्या काही कॉटची बाजू पूर्ण उघडायची. तू लिहितेस, "ऑफिसमधली मैत्रीण तिची जुनी कॉट फुकट देतेय." घे की, पण लेबलावर त्या मानकाचा आकडा बघून, पलंगाला बांधायचे दोन्ही पट्टे आणि सूचनापुस्तिका सोबत असतील तरच. आतली गादी शक्यतो नवी, त्याच मॉडेलची घे. गादी आणि कॉटच्या भिंतीमधे तीन सेंटीमीटरपेक्षा जास्त जागा राहता कामा नये. बघ, फट आतही असते.

आता तुझा पलंग कुठल्या जातीचा, हे तू सांगितलंच नाहीस, म्हणून मला तिन्हींबद्दल सांगावं लागतंय.

डिव्हान असेल तर तो जमिनीपर्यंत बंद खोकं असतो. कॉटचे पाय आडवे पुढे आलेले असतात, ते पलंगाखाली सरकायला जागाच नाही. पाय खोक्याला टेकतात आणि वर कॉट लांबच राहते. अशा पलंगाला आत दुमडणारे किंवा आखूड करता येणारे पायच लागतात. शिवाय डिव्हानला बहुधा खाली छोटी चाकं असतात. लॅमिनेटच्या जमिनीवर तू रात्री कूस बदललीस की पलंग इंचभर सरकतो आणि संध्याकाळी बंद केलेली फट मध्यरात्री पुन्हा उघडते. ती चाकं काढता येतात, नाहीतर खाली रबरी वाट्या ठेव. त्याने उंची बदलते, म्हणजे पुन्हा माप.

लाकडी चौकटीचा पलंग असेल आणि गादी चौकटीच्या आत बुडालेली असेल, तर तो सगळ्यात फसवा. कॉट लाकडाला घट्ट भिडते, आपण खूश होतो. पण गादी लाकडाच्या तीन-चार सेंटीमीटर आत असते, म्हणजे फट लाकडाच्या डोक्यावर तशीच. पट्टे कितीही आवळले तरी ती जात नाही. अशा पलंगाला माझा सल्ला सरळ आहे: कड उतरवूच नकोस. कड वर, कॉट शेजारी, बाळ हाताच्या अंतरावर. रात्री पाजायला उठून बसावं लागेल, एवढाच काय तो जाच.

तिसरा ऑटोमन, ज्याची गादी झाकणासारखी उचलली जाते आणि खाली सामान राहतं. पट्टा या उचलणाऱ्या भागाला बांधलास तर झाकण उघडताना कॉटही ओढली जाईल. म्हणून कॉट बांधली की ती पेटी बंदच राहणार, आणि बाळाचे लंगोट-झबली आधीच बाहेर काढून ठेवलेली बरी.

पट्ट्यांचं काय होतं सांगते. दोन असतात, एक डोक्याकडे, एक पायाकडे. ते गादीला बांधायचे नसतात, गादी मऊ असते, दबते आणि पट्टा सैल पडतो. पलंगाच्या सांगाड्याला किंवा डिव्हानच्या खोक्याला, गादीखालून नेऊन पलीकडच्या बाजूला अडकवायचे. आधी दोन्ही अर्धे आवळ, मग आलटूनपालटून पूर्ण. एक पूर्ण ओढून मग दुसऱ्याला हात घातलास तर कॉट तिरकी होते. डोक्याकडे घट्ट, पायाकडे पाचरीसारखी फट. उरलेलं पट्ट्याचं टोक गुंडाळून कॉटच्या बाहेरच्या बाजूला खोचायचं, बाळाच्या हाताला लागेल असं लोंबकळू द्यायचं नाही. झाल्यावर बाहेरच्या बाजूने कॉटला हिसका देऊन बघ. मग पलंगावर आडवी हो, कूस बदल, उठून बस, पुन्हा हिसका. हे बाळ यायच्या आधी आठवडाभर कर, आणि नंतर रोज संध्याकाळी दिवा मालवायच्या आधी. बक्कल थोडं-थोडं सुटत जातं, त्याला इलाज नाही.

आता तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य: "आई म्हणते, फट राहिलीच तर मधे गोधडीची सुरळी घालू, बाळाला कड लागणारही नाही." आईंची माया कळते, त्यांना माझा नमस्कार सांग. पण नाही म्हणजे नाही. टॉवेल नको, उशी नको, लोड नको. मऊ वस्तू फटीत बसते पण टिकत नाही, दबून खाली जाते आणि वर बाळाच्या तोंडाच्या मापाचा खड्डा तयार होतो. नुसत्या फटीपेक्षा हे वाईट, कारण बघणाऱ्याला वाटतं, बंदोबस्त झाला. कॉटच्या जाळीच्या भिंती हवा खेळावी म्हणून असतात, त्यांनाही आतून कापड लावायचं नाही. गोधडी दिवसा जमिनीवर पसर, बाळ जागं असताना त्यावर पालथं घाल. आईंनी टाचलेल्या धाग्यांचं चीज तिथे होईल.

तू पलंगावर नसताना कड वर, हे वेगळं सांगायला नको. पण सांगते, कारण दुपारच्या झोपेला घरोघरी विसरतात.

बाकीचे प्रश्न आता भराभर. राईची उशी: "डोकं गोल व्हायला हवी ना?" नको, कॉटमध्ये तर नाहीच, वर्षाच्या आत कुठलीच उशी नको. बेडसाइड कॉटमध्ये बाळ नेहमी आईच्या बाजूला, आवाजाच्या आणि वासाच्या दिशेला तोंड वळवतं, म्हणून एक बाजू चपटी होते. एका रात्री डोकं खिडकीकडे, दुसऱ्या रात्री दाराकडे ठेव, प्रत्येक वेळी पावलं कॉटच्या टोकाला टेकवून. उताणंच झोपवायचं. ब्रिटनमध्ये 1991 साली हे मोहीम काढून सांगितलं गेलं आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण झपाट्याने उतरलं, यात वाद घालण्यासारखं काही राहिलेलं नाही. दूध उलटतं म्हणून कॉटचे एका बाजूचे पाय उंच करायची सोय काही मॉडेलांत असते. तिच्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नकोस, झोपायची जागा सपाटच हवी.

"हे म्हणतात, आपण सगळे आईच्या कुशीतच वाढलो, कॉट कशाला?" यांना सांग, त्या कुशीखाली कापसाची कडक गादी होती, बऱ्याच घरांत जमिनीवर, आणि अंगावर एक सुती पांघरूण. मेमरी फोम आणि किंग साइझ डुव्हे, म्हणजे जाड रजई, नव्हती. आईच्या कुशीची जागा घ्यायला कॉट आलेली नाही, ती कुशीला लागूनच आहे.

खोली 16 ते 20 अंश. आई आल्या की हीटिंग वाढणार, हे इथल्या प्रत्येक घरात होतं, आमच्याकडेही झालं. थर्मोस्टॅटवर चिठ्ठी चिकटव. टोपडं आणि कुंची बाहेर जाताना, घरात झोपताना नाही, बाळाची जास्तीची ऊब डोक्यावाटे निघते. रेडिएटरपासून आणि पडद्याच्या दोऱ्यांपासून कॉट लांब. तुझ्या बाजूला खिडकीखाली रेडिएटर असेल, तर झोपायच्या बाजू बदला. नवऱ्याला सवय होईल.

बारशासाठी सागवानी पाळणा मागवायचा का, तर हौस म्हणून एका दुपारपुरता भाड्याने मिळाला तर बघ. सहा महिन्यांच्या आसपास, किंवा त्याआधीच बाळ हातापायांवर उठू लागलं, तर बेडसाइड कॉटही बंद, मोठी कॉट आणायची. म्हणजे ही खरेदी जेमतेम अर्ध्या वर्षाची, तेव्हा खिसा फार रिकामा करू नकोस.

तर पुढच्या पत्रात मला चार गोष्टी लिही: आडवी झाल्यावर गादीची उंची उशाशी किती, पायथ्याशी किती, पलंग तिन्हींपैकी कुठला, आणि लाकडी असेल तर गादी चौकटीच्या किती आत बुडते. मग करड्या रंगाचं बघू.