नव्या छापखानदाराने वेळ कसा राखावा

तुम्ही नुकताच छापखाना सुरू केला आहे आणि दिवस पुरत नाही अशी तुमची तक्रार आहे. म्हणून पहिली सूचना अशी की, आठवडाभर गल्ल्याशेजारी एक वही ठेवून दर अर्ध्या तासाला आपण काय केले ते लिहावे. मी लिहिले तेव्हा लक्षात आले की, लग्नपत्रिकेच्या मजकुरातील दुरुस्त्या फोनवर ऐकण्यातच माझी निम्मी दुपार जात होती. तेव्हापासून दुरुस्त्या लेखी, एकत्रित आणि दोनदाच स्वीकारतो. तिसऱ्या फेरीला जादा पैसे आकारतो. (पैसे पडणार म्हटल्यावर राहिलेल्या आत्याबाईंचे नावही पहिल्याच फेरीत आठवते.)

सकाळचे पहिले दोन तास दरपत्रके आणि कागदाची मागणी यांसाठी राखून ठेवावेत.

सरकारी तारखा मात्र आपल्या सोयीने हलत नाहीत. दरमहा जीएसटीचे विवरणपत्र भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-३बी (एकूण विक्री व कराचा गोषवारा) २० तारखेपर्यंत भरावे लागते. वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांपर्यंत असल्यास तिमाही विवरणपत्रांचा पर्याय घेता येतो आणि तुम्ही तो घ्यावा असे माझे मत आहे. मात्र तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर त्या-त्या पुढील महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरावाच लागतो. रोज संध्याकाळी कुलूप लावण्यापूर्वी पंधरा मिनिटे देऊन दिवसभराची बिले नोंदवली, तर महिनाअखेरचा रविवार हिशेबात जात नाही.